शक्ती निवडा, बाकी सगळं ठरलेलंच : ‘एक्स-मेन: डेस्टिनी’चा प्रकरण अभ्यास

फसलेले व्हिडिओ गेम सहसा हळूहळू नाहीसे होतात. आधी किंमत उतरते, मग ते सवलतीच्या ढिगात जातात, मग कुणाला आठवतही नाहीत. २०११ साली आलेला ‘एक्स-मेन: डेस्टिनी’ मात्र न्यायाधीशाच्या हुकमाने गेला. न विकलेल्या प्रती परत मागवा आणि नष्ट करा, असा तो हुकूम होता. किस्सा इतका चमचमीत आहे की या गेमचा विषय निघाला की सगळे थेट कोर्टात जाऊन बसतात. कोर्टाकडे मीही येणार आहे, पण नंतर. कारण कोर्टाचा निकाल लागायच्या वर्षभर आधीच हा गेम खेळणाऱ्यांच्या हातात मेला होता, आणि त्याला इंजिन (गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा असतो ते) किंवा वकील जबाबदार नव्हते.

आधी गेममध्ये काय कबूल केलं होतं ते पाहू. एक्स-मेन म्हणजे मार्व्हलच्या कॉमिक्समधली, जन्मतःच अलौकिक शक्ती असलेल्या ‘म्यूटंट’ माणसांची टोळी. तोवरच्या त्यांच्या गेममध्ये तुम्ही वुल्व्हरिन व्हायचात, सायक्लॉप्स व्हायचात. म्हणजे ठरलेल्या नायकाच्या अंगात शिरायचात. इथे कल्पना वेगळी होती. तुम्ही एक नवा, अनोळखी म्यूटंट. तुमची शक्ती तुम्ही निवडायची, ती वाढवायची तुम्ही, आणि सायक्लॉप्सच्या एक्स-मेनबरोबर जायचं की त्यांच्या विरोधातल्या मॅग्नेटोच्या ‘ब्रदरहुड’ टोळीबरोबर तेही तुम्हीच ठरवायचं. पटकथेसाठी माइक कॅरी होते, म्हणजे एक्स-मेनचीच कॉमिक्स लिहिणारा माणूस. प्रकाशक ॲक्टिव्हिजन, बनवणारा कॅनडाच्या सेंट कॅथरिन्स गावातला ‘सिलिकॉन नाइट्स’ हा स्टुडिओ. २७ सप्टेंबर २०११ रोजी तो अमेरिकेत एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि वी या यंत्रांवर आला. पीसीवर तो कधी निघालाच नाही. त्यामुळे त्या काळात घरच्या कॉम्प्युटरवर किंवा सायबर कॅफेत खेळणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांच्या वाट्याला तो आलाच नाही. फार काही हुकलं असंही नाही.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत होते. एक्स-मेनचे संस्थापक प्रोफेसर झेवियर गेलेले आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ म्यूटंट आणि माणसं यांच्या सलोख्याची सभा भरली आहे. तिच्यावर हल्ला होतो आणि त्या गोंधळात तुमच्या पात्राची शक्ती जागी होते. पात्रं तीन. जॉर्जियाहून आलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा फुटबॉलपटू ग्रँट अलेक्झांडर. आईवडिलांनी जीव वाचवण्यासाठी चोरून जहाजात घालून जपानहून अमेरिकेला पाठवलेली आइमी योशिदा. आणि एड्रियन लुका, ज्याचा बाप म्यूटंटद्वेष्ट्या ‘प्युरिफायर’ पंथातला होता आणि ज्याला लहानपणापासून तोच द्वेष पाजला गेला आहे. तिसरं पात्र पुन्हा वाचा. ज्यांचा नायनाट करायला वाढवलं, त्यांच्यातलाच आपण एक आहोत हे ज्याला भर चौकात कळतं असा मुलगा. यावर एक अख्खा गेम उभा राहिला असता.

तो राहिला नाही, कारण पात्र कुठलंही घ्या, पुढची कथा तीच. मोहिमा त्याच, ठिकाणं तीच, क्रमही तोच. अधूनमधून एखाद्या संवादात एड्रियनच्या बापाचा किंवा आइमीच्या घराचा उल्लेख येतो आणि तिथेच तो संपतो. पात्राचं नाव बदलता येत नाही, चेहरा बदलता येत नाही. आपला म्यूटंट घडवा म्हणून बोलावलं आणि तीन तयार पुतळ्यांतला एक उचलायला सांगितला, अशी गत.

आता शक्तींकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. मूळ शक्ती तीन. एकीत शरीराची घनता वाढते आणि मुठी दगडाच्या होतात. हळू पण जड मारा. दुसरीत हातातून ऊर्जेचे झोत निघतात, म्हणजे लांबून लढण्याची सोय. तिसरीत काळोख्या पदार्थाची पाती तयार होतात, चपळ माणसाला साजेशी. एक निवडली की ती शेवटपर्यंत. तिच्यावर ‘एक्स-जीन’ चढवायचे: एक हल्ल्याचा, एक बचावाचा, एक इतर उपयोगाचा. शिवाय एक पोशाख. हे जीन आणि पोशाख वुल्व्हरिन, आइसमन, कोलोसस अशा नावाजलेल्या म्यूटंटांचे. चारही जागी एकाच म्यूटंटचा संच जमला की ‘एक्स-मोड’ उघडतो आणि काही काळ त्या म्यूटंटची ताकद तुमच्या अंगात येते.

कागदावर हे उत्तम आहे, खोटं कशाला बोलू. तीन मूळ शक्ती, त्यावर तीन जीन आणि एक पोशाख. गुणाकार केला तर मिश्रणं ढीगभर निघतात. वेष्टनावर आणि जाहिरातीत असा गुणाकार फार शोभतो.

आता एक लढाई जवळून बघा. तुम्ही एका गल्लीत शिरता. मागचा रस्ता बंद होतो. समोरून प्युरिफायरांची एक टोळी येते. काही बंदूक रोखून उभे राहतात, काही अंगावर धावून येतात. तुम्ही हलका वार, हलका वार, जड वार करता. तुमच्याकडे आइसमनचा हल्ल्याचा जीन असेल तर दोघे-तिघे गोठतात. गोठलेल्यांना मारता, पडतात. दुसरी टोळी येते. पुन्हा तेच. मग अडथळा हटतो आणि पुढचा चौक. आता त्याच गल्लीत आइसमनचा जीन काढून दुसऱ्या कुणाचा घाला. तुमच्या बोटांनी काय वेगळं केलं? काहीच नाही. हलका, हलका, जड. शत्रू गोठण्याऐवजी दुसऱ्या कुठल्या परिणामाने पडला, एवढाच फरक. टोळीने उभं राहण्याची पद्धत बदलली नाही, गल्लीत नवी वाट सापडली नाही, आणि चुकीचा जीन घालून आलो म्हणून कुठे घोडं अडलं असंही झालं नाही.

माझ्या मते या गेमचं अपयश नेमकं इथे आहे. पर्याय कमी होते ही तक्रार अनेकांनी केली, पण ती अर्धीच खरी. पर्याय भरपूर होते. त्यांना विचारायला प्रश्नच नव्हते. शक्ती बदलण्यात मजा तेव्हा येते जेव्हा समोरचं जग वेगवेगळी कोडी घालतं. उंचावरून गोळीबार करणारा, ढालीमागे लपणारा, अंगावर बर्फ टिकू न देणारा, गटात असला की बळावणारा असे शत्रू हवेत, म्हणजे खेळणारा थांबून विचार करतो की आज काय घालून जाऊ. जगात एकच कुलूप असेल तर किल्ल्यांचा जुडगा कितीही जड असला तरी काय करायचा?

त्याच सुमारास इतरांनी काय केलं होतं ते बघितलं की हे आणखी टोचतं. ‘इन्फेमस’ २००९ मध्ये आला. त्यात नायकाकडे मूळ शक्ती एकच, वीज. पण ती विजेच्या तारांवरून घसरायला लागते, दिव्याच्या खांबातून शोषून घ्यावी लागते, पाण्यात उतरलं की अंगाशी येते. एकाच शक्तीने अख्खं शहर वाचायला शिकवलं. त्याच वर्षीच्या ‘बॅटमॅन: अर्खम असायलम’मध्ये तर नायकाला अलौकिक शक्ती नाहीच, तरी चाकूवाला, दंडुकेवाला आणि बंदूकवाला यांच्याशी तीन प्रकारे वागावं लागतं. आणि त्याचा पुढचा भाग ‘अर्खम सिटी’ अमेरिकेत आला १८ ऑक्टोबर २०११ ला, म्हणजे ‘डेस्टिनी’नंतर तीन आठवड्यांनी. नशीब म्हणतात ते हेच. सुपरहिरोच्या गेमकडून लोक काय मागतात याची पट्टी त्या एका महिन्यात इतकी वर गेली की साठ डॉलर मोजून पाच-सहा तासांत संपणारा, गल्ल्यागल्ल्यांतून सरळ रेषेत नेणारा गेम उघडा पडला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरांत पन्नाशीच्या आसपास घुटमळली. ती मला अन्यायाची वाटत नाही.

निवडीचा दुसरा मोठा वायदा होता बाजू घेण्याचा. एक्स-मेन की ब्रदरहुड? गेमभर ठिकठिकाणी विचारलं जातं: सायक्लॉप्सच्या माणसाला मदत कराल की मॅग्नेटोच्या? प्रत्येक निवडीबरोबर पारडं इकडे-तिकडे झुकतं. पण दोन्ही वाटा शेवटी एकाच मैदानात येतात, शत्रू तोच, म्यूटंटद्वेष्टा बॅस्टियन, आणि उपसंहारात थोडा फरक. सायक्लॉप्स आणि मॅग्नेटो यांच्यातला वाद कॉमिक्समध्ये कित्येक दशकं चाललाय. ज्या समाजाने आपल्याला नाकारलं त्याच्याशी जुळवून घ्यायचं की त्याच्याशी लढायचं, हा तो वाद. इथे त्याचं झालं काय, तर सोबत कोण उभं राहील याची निवड. बरं, नावाजलेले नायक सोबत उभे राहतात, दोन वाक्यं बोलतात आणि बहुतेक मारामारी तुमच्यावर सोपवून निघून जातात. त्यांच्या रूपात तुम्हाला खेळता येत नाहीच. आवाजाच्या बाबतीत मात्र हात राखलेला नव्हता. आइमीला जेमी चंग, ग्रँटला स्कॉट पोर्टर आणि एड्रियनला मायलो व्हेंटिमिलिया असे ओळखीचे कलाकार घेतले होते. पडद्यावरचे ताठर चेहरे त्या आवाजांना साथ देत नाहीत, हा भाग निराळा.

मग प्रश्न उरतो की हे असं झालं कसं. कारण सिलिकॉन नाइट्स हा काही कालपरवाचा नवखा स्टुडिओ नव्हता. डेनिस डायक यांनी तो १९९२ मध्ये काढला. १९९६ चा ‘ब्लड ओमेन: लेगसी ऑफ केन’ त्यांचा. २००२ मध्ये निंटेंडोच्या गेमक्यूबवर आलेला ‘इटर्नल डार्कनेस’ही त्यांचाच, आणि तो तर अभ्यासायला घ्यावा असा गेम आहे. त्यात पात्राच्या मानसिक संतुलनाची एक पट्टी असते. ती उतरली की गेम तुमच्याशीच खोड्या काढायला लागतो: टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतोय असं दाखवतो, जपून ठेवलेला खेळ पुसला जातोय असं भासवतो. घरात बसलेल्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकवणारी पट्टी. पडद्यावरच्या एका आकड्याने खेळणाऱ्याच्या वागण्यात फरक पडला पाहिजे, हे ज्यांना इतकं नेमकं कळलं होतं, त्याच स्टुडिओच्या नावावर ‘डेस्टिनी’चे गुळमुळीत जीन आहेत. म्हणून ‘त्यांना जमलं नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

मधल्या काळात स्टुडिओच्या गळ्यात ‘टू ह्यूमन’ नावाचं लोढणं पडलं होतं. १९९९ मध्ये तो प्लेस्टेशनसाठी जाहीर झाला, मग गेमक्यूबकडे गेला, आणि शेवटी ऑगस्ट २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर उगवला. इतकी वर्षं पोटात वाढवलेल्या गेमचं स्वागत थंड झालं. (त्यात मेलं की दर वेळी आकाशातून एक व्हॅल्किरी (नॉर्स पुराणातली, मेलेल्या वीरांना न्यायला येणारी देवदूती) संथपणे उतरते आणि तुम्हाला उचलून नेते. ते दृश्य टाळता येत नाही. तो खेळलेला माणूस बाकी सगळं विसरेल, ती बाई विसरणार नाही.) अशा अवस्थेत मार्व्हलचा परवाना हाती असलेल्या ॲक्टिव्हिजनचं काम आलं. पगार चालू ठेवायला असं काम घेणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे. त्यात कमीपणा काही नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘कोटाकू’ या गेमविषयक संकेतस्थळाने स्टुडिओतल्या माजी कर्मचाऱ्यांच्या, नाव न देण्याच्या अटीवरच्या मुलाखतींवर आधारित मोठा लेख छापला. त्यांचं म्हणणं असं की स्टुडिओचं मन या गेममध्ये नव्हतंच. चांगली माणसं ‘इटर्नल डार्कनेस’च्या पुढच्या भागाचा नमुना तयार करण्यात गुंतवली होती आणि ‘डेस्टिनी’ उरलेल्यांच्या जिवावर चालला होता. डायक यांनी २०१३ मध्ये हे आरोप जाहीरपणे फेटाळले. कुणाचं किती खरं हे बाहेरून ठरवता येणार नाही आणि मी ठरवत नाही. पण गेम स्वतः साक्ष देतो तेवढी पुरेशी आहे. त्यातला मसुदा विचारपूर्वक केलेला आहे: संच जमवण्याची कल्पना, एक्स-मोड, एड्रियनची पार्श्वभूमी. घाई दिसते ती त्यानंतरच्या कामात: शत्रूंच्या जाती, गल्ल्यांची रचना, निवडीचे परिणाम. हेच काम वेळखाऊ असतं आणि माणसं कमी पडली की पहिला गळा याचाच दाबला जातो. जीनची यादी कमी माणसांत लांबवता येते. त्या प्रत्येक जीनला पुरून उरेल असा शत्रू घडवायला मात्र माणसं, महिने आणि खेळून बघणारे लागतात.

आता कोर्ट.

सिलिकॉन नाइट्सने २००५ मध्ये एपिक गेम्स या अमेरिकी गेम कंपनीकडून ‘अनरियल इंजिन ३’ वापरण्याचा परवाना घेतला होता. इंजिन म्हणजे गेमचा पायाच: चित्र काढणं, धडक ओळखणं, प्रकाश-सावली वगैरे सगळं त्याच्यावर चालतं. जुलै २००७ मध्ये स्टुडिओने एपिकवर दावा ठोकला. चालतं इंजिन वेळेवर दिलं नाही, आमच्यासारख्यांच्या पैशावर स्वतःचा ‘गिअर्स ऑफ वॉर’ हा गेम पुरा केला आणि आम्हाला आमचं स्वतःचं इंजिन बांधायची वेळ आणली, अशी तक्रार. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सहानुभूती तेव्हा स्टुडिओकडे होती. पुढच्याच महिन्यात एपिकने उलटा दावा केला: तुम्ही जे ‘स्वतःचं’ इंजिन म्हणता, त्यात आमचा कोड आहे.

पाच वर्षांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या फेडरल कोर्टात ज्यूरीपुढे हे आलं तेव्हा पुरावा फार साध्या रूपात सापडला. एपिकच्या प्रोग्रामरांनी कोड लिहिताना बाजूला टाकलेल्या टिपा आणि टायपिंगच्या चुकासुद्धा सिलिकॉन नाइट्सच्या इंजिनात जशाच्या तशा होत्या. परीक्षेत शेजारच्याची स्पेलिंगची चूकही उतरवणारा मुलगा पकडला जातो तसंच. वर एपिकच्या स्वामित्व हक्काच्या सूचना काढून टाकलेल्या. ३० मे २०१२ ला ज्यूरीने एपिकच्या बाजूने कौल दिला आणि ४४ लाख ५० हजार डॉलरची भरपाई लावली; व्याज आणि वकिलांचा खर्च धरून रक्कम पुढे ९० लाखांच्या वर गेली. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश जेम्स डेव्हर यांनी आदेश दिला: त्या इंजिनातून निघालेला सगळा कोड नष्ट करा, त्यावर बनलेले आणि अजून न विकलेले गेम परत मागवून नष्ट करा. त्यात ‘टू ह्यूमन’ आला, ‘एक्स-मेन: डेस्टिनी’ आला आणि काही अर्धवट राहिलेले प्रकल्पही आले. जानेवारी २०१३ मध्ये दोन्ही गेम एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानातून उतरले. स्टुडिओने मे २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

या भागात ॲक्टिव्हिजनची स्थिती मला सगळ्यात बोधक वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. वाद पेटला २००७ मध्ये. ‘डेस्टिनी’ दुकानात आला २०११ मध्ये. म्हणजे ज्या इंजिनावर चोरीचा आरोप होता आणि ज्याची सुनावणी डोक्यावर होती, त्याच इंजिनावर मार्व्हलचा परवाना असलेला गेम उभा केला गेला. परवान्याच्या गेमला तारीख असते; ती चुकली की पैसे देणारा विचारतो. त्या तारखेपायी पायाच्या मालकीचा वाद बाजूला ठेवून इमला चढवला. वर्षभराने पाया कोर्टाने उपसला. स्वतःचा दोष नसताना ज्यांच्या नावावर हा डाग राहिला ते स्टुडिओतले कलाकार आणि प्रोग्रामर, ज्यांनी जीनही बनवले होते आणि गल्ल्याही. गेम आल्यानंतर काही आठवड्यांतच स्टुडिओत मोठी कपात झाली होती.

आणि एक विरोधाभास बघा. ‘डेस्टिनी’च्या बरोबर आठवडाभर आधी, २० सप्टेंबर २०११ ला, एपिकचा ‘गिअर्स ऑफ वॉर ३’ आला. तो त्याच अनरियल ३ वर होता आणि दिमाखात चालला. म्हणजे इंजिन कामाचं नव्हतं हा बचाव दुकानाच्या फळीवरच कोसळला. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे: ‘डेस्टिनी’ला त्या दिवशी निर्दोष, स्वतःच्या मालकीचं इंजिन मिळालं असतं तरी गल्लीतली ती लढाई तशीच झाली असती. हलका, हलका, जड.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘टू ह्यूमन’ नव्या एक्सबॉक्सवर चालेल असा करून फुकट वाटला. ‘डेस्टिनी’च्या वाट्याला ते आलं नाही, आणि येईल असं वाटतही नाही. इंजिनाचा तंटा एकवेळ मिटेल, पण ॲक्टिव्हिजनचे मार्व्हलचे इतर गेमही २०१४ च्या सुरुवातीला डिजिटल दुकानांतून गेले आणि परवान्याच्या त्या गुंत्यात पन्नास गुणांच्या गेमसाठी हात घालणारा कुणी दिसत नाही. २०११ साली विकल्या गेलेल्या डिस्क तेवढ्या फिरतात, जुन्या मालाच्या दुकानांत.

मिश्रणांचा मोह मात्र उद्योगातून गेलेला नाही. २०२० च्या ‘मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ने पुन्हा तेच केलं: अंगावर चढवायच्या वस्तूंचे ढीग, त्यावर टक्केवारीचे आकडे, आणि समोर त्याच प्रयोगशाळांत तेच यंत्रमानव. सप्टेंबर २०२३ अखेर त्याचीही विक्री बंद झाली. उलट २०२२ चा ‘मिडनाइट सन्स’ बघा. त्यातला ‘हंटर’ हा ‘डेस्टिनी’ला जे हवं होतं तेच आहे: चेहरा तुम्ही ठरवलेला, शक्ती तुम्ही निवडलेल्या, आणि वुल्व्हरिनसारखे लोक खरोखर खांद्याला खांदा लावून लढणारे. त्यात शक्ती पत्त्यांच्या रूपात हाती येतात आणि हातात चुकीचे पत्ते आले तर हरता येतं. विक्रीत तो कमी पडला ही गोष्ट वेगळी, पण मोहिमेवर निघण्याआधी कुठली शक्ती घरी ठेवावी यावर तिथे खरंच डोकं खाजवावं लागतं.